निबेची झीज कुणाची? एका ‘पार्कर ५१’च्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण फोंडा तालुक्यातल्या एका घरातलं आहे. घराचं, गावाचं आणि देवस्थानाचं नाव इथे दिलेलं नाही. पेनाच्या मालकीणबाई प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. पेन त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे देवस्थानाचे हिशेब ठेवायचे आणि गावच्या उत्सवात होणाऱ्या मराठी नाटकांच्या नकला उतरवून द्यायचे. गोव्यातली उत्सवी नाटकं ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना हे काम ठाऊक असेल. छापील प्रत एकच आणि नट दहा-बारा, म्हणून प्रत्येकाची भाषणं, आधीच्या भाषणाच्या शेवटच्या दोन-चार शब्दांसकट, वेगळ्या वहीत लिहून काढायची. ती वही म्हणजे नक्कल. एका नाटकामागे शेकडो पानं व्हायची आणि हे काम सासऱ्यांनी वर्षानुवर्षं याच पेनाने केलं.

सासरे गेल्यावर पेन ट्रंकेत गेलं. रेशमी साड्या, शाली आणि डांबरगोळ्या यांच्यात ते कित्येक वर्षं पडून होतं. येत्या माघातल्या उत्सवात गावातली तरुण मंडळी पूर्वी गाजलेलं एक नाटक पुन्हा बसवणार आहेत असं ठरलं, तेव्हा बाईंना ते आठवलं. निदान मुख्य भूमिकांच्या नकला तरी याच पेनाने लिहायच्या, ही त्यांची इच्छा. पेन माझ्याकडे आलं तेव्हा श्रावण चालू होता. म्हणजे हाताशी पाचेक महिने होते, आणि त्यातले पहिले दोन पावसाचे.

मी म्हापशाला राहतो. जुनी पेनं दुरुस्त करणं हा माझा छंद आहे. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे यात दुरुस्तीपेक्षा काय दुरुस्त करायचं नाही हे ठरवण्यात जास्त वेळ गेला, आणि तो वेळ घालवला नसता तर या पेनातलं सगळ्यांत मोलाचं काही अर्ध्या मिनिटात घासलं गेलं असतं.

अडचण

पेन ‘पार्कर ५१’. बर्गंडी रंगाचं अंग, सोनेरी टोपण. अंगावर भांड्यांवर घालतात तसं देवनागरीत कोरलेलं सासऱ्यांचं नाव, त्याखाली गावाचं नाव. टोपणाला एका बाजूला पोचा. निबेवरच्या कवचावर, म्हणजे हुडावर, पकडीच्या दातांच्या खुणा. बऱ्याच वर्षांपूर्वी पेन एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे दिलं होतं आणि त्याने हूड थंड असतानाच पकडीने फिरवायचा प्रयत्न केला होता, एवढं घरच्यांना आठवत होतं. हूड निघाला नाही हे पेनाचं नशीब.

बाईंची तक्रार सरळ होती: शाई भरली की थोडीच भरते, लिहायला घेतलं की दोन ओळींत सुकते, आणि लिहिते तेवढीही कागदावर खरखरते.

दुसरी अडचण माणसांमधली होती. पेनावर बाईंइतकाच त्यांच्या दिरांचा हक्क. ते मडगावला असतात, वडिलांची ही एकच वस्तू उरली आहे, खर्च करायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं असं की पेन दुकानातून आणल्यासारखं दिसलं पाहिजे: चरे काढा, टोपणावर सोनाराकडून मुलामा द्या, पोचा उठवा, निब नवी बसवा. बाईंना ते लिहितं हवं होतं. “भाऊजी, ते दिवाणखान्यात ठेवायचं नाहीय, नकला लिहायच्यात,” असं त्या म्हणाल्या. दोघेही मनापासून बोलत होते. पण या दोन इच्छांना लागणारी कामं वेगळी आहेत, आणि काही कामं एकमेकांच्या मुळावर येणारी आहेत.

तपासणी

‘५१’ हे नाव पार्कर कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षावरून आलं. कंपनी १८८८ ची, पेनाची आखणी १९३९ मधली, आणि बाजारात ते १९४१ मध्ये आलं. सुरुवातीच्या पेनांत शाई भरायला मागच्या टोकाशी एक बारीक टोपी असते. तिच्याखाली दाबायचं बटण आणि आत रबरी पडदा. १९४८ पासून एरोमेट्रिक पद्धत आली: मागचं अंग फिरवून काढलं की आत धातूच्या आवरणात पारदर्शक पिशवी आणि तिच्यावर दाबपट्टी दिसते. दुरुस्ती करणाऱ्याला हा फरक सगळ्यांत आधी कळायला हवा, कारण रबरी पडद्याचं पेन असेल तर पडदा बहुधा कडक झालेला असतो आणि तो बदलायला खास हत्यार लागतं. हे पेन एरोमेट्रिक निघालं. एरोमेट्रिकची पिशवी रबराची नसते. ती प्लास्टिकची असल्याने पन्नास-साठ वर्षांनीही लवचिक राहिलेली आढळते. इथलीही तशीच होती. डाग पडलेले, पण दाबली की पुन्हा फुगत होती. पाणी भरून रात्रभर उभं ठेवलं, थेंबही गळला नाही. म्हणजे पिशवीला हात लावायचं कारण नव्हतं.

डांबरगोळ्यांची मला जास्त धास्ती होती. नॅफ्थलीनच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात, चिकट होतात. सुदैवाने अंग आणि हूड ल्युसाइटचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे, आणि दोन्ही घट्ट होते. ट्रंकेत पेन ठेवणाऱ्यांनी मात्र डांबरगोळ्यांचा विचार जरूर करावा.

शाई कमी भरते यावरून आतली हवेची नळी तुटलेली असणार असं वाटलं. एरोमेट्रिकमध्ये निब दौतीत बुडवून पट्टी दाबली की पिशवीच्या वरच्या भागातली हवा या बारीक नळीतून बाहेर जाते आणि पट्टी सोडली की तेवढी शाई आत येते. नळी पिशवीच्या वरपर्यंत पोचलेली असली तरच प्रत्येक दाबाला शाईची पातळी वर चढते. नळी मध्येच तुटली की पातळी तुटलेल्या टोकापर्यंतच चढते. कितीही वेळा दाबा, त्यापुढे आत-बाहेर शाईच होत राहते.

हूड सोडवायच्या आधी पुढचा भाग साध्या पाण्यात ठेवला. पहिल्या दिवशी पाणी निळं झालं, दुसऱ्या दिवशीही निळं. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या तळाशी काळे बारीक कण दिसले. साध्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, कण नसतात. कण म्हणजे कधीतरी चित्रकलेची काळी शाई या पेनात गेली होती. विचारल्यावर बाईंना आठवलं की त्यांच्या यजमानांनी शाळेत असताना नकाशे काढायला हे पेन पळवलं होतं. त्या शाईत काजळीचे कण आणि लाखेसारखा चिकट पदार्थ असतो आणि ती वाळली की पाण्याने सुटत नाही. नुसत्या पाण्यावर महिनाभर थांबण्यात अर्थ नाही, पेन उघडावंच लागणार, हे तिथे ठरलं.

नळीवरून निघालेला प्रश्न

हूड उघडल्यावर अंदाज खरा ठरला. नळी तुटलेली होती आणि ती चांदीची होती. काळी पडून कुरतडल्यासारखी झालेली. शाईने चांदी खाल्ली जाते, त्यामुळे हे नवल नव्हे. पण चांदीची नळी ही एरोमेट्रिकच्या सुरुवातीच्या काळाची खूण आहे. घरातली आठवण वेगळी होती. भारताने १९५५ मध्ये गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर परदेशी माल समुद्रमार्गे यायचा आणि पणजीच्या दुकानांत पेनं, घड्याळं, रेडिओ सहज मिळायचे. सासऱ्यांनी पेन तेव्हा घेतलं, असं घरात सगळे सांगतात. मग ते दुकानात काही वर्षं पडून होतं, की दुसऱ्या कुणाच्या हातून आलं होतं?

एरवी मी हा प्रश्न सोडून दिला असता. पण त्याच वेळी दहापट भिंगाखाली निब पाहिली होती. निब चौदा कॅरट सोन्याची, टोकाचा कठीण धातू शाबूत, मात्र त्याच्या एका बाजूला सपाट, तिरका घासलेला भाग. बाईंना कागदावर लागणारी खरखर त्या सपाटीच्या कडेची होती. ही सपाटी सासऱ्यांच्या हाताची असेल तर एक गोष्ट. त्यांच्या आधीच्या कुणा अनोळखी माणसाची असेल तर ती ठेवायचं काही कारण नाही. दिरांना नवी निब हवी होती, बाईंना गुळगुळीत. दोघांनाही हो म्हणण्याआधी हे कळणं भाग होतं.

पर्याय

पहिला पर्याय बाहेर पाठवण्याचा. मुंबईत, चेन्नईत जुनी पेनं हाताळणारी माणसं आहेत, कोलकात्याच्या धर्मतळा भागातलं पेन हॉस्पिटल तर प्रसिद्धच आहे. अनुभवी हात आणि सुट्या भागांचा साठा हा मोठा फायदा. पण पेन महिनोन्‌महिने दूर राहणार, प्रत्येक निर्णय फोनवर होणार, आणि बाई-दिरांचं अजून एकमत नव्हतं. ज्या पेनाबद्दल घरात मतभेद आहे ते पेन दूर पाठवू नये, असं माझं मत. समोरचा माणूस जे आधी ऐकेल तेच करतो.

दुसरा पर्याय दिरांचा: संपूर्ण नवं रूप. त्यातली प्रत्येक गोष्ट मी त्यांच्यासमोर वेगळी मांडली. टोपण रोल्ड गोल्डचं आहे, म्हणजे खालच्या धातूवर सोन्याचा पातळ थर दाबून चढवलेला. घासून चकाकी आणायला गेलं तर थर संपून खालचं पितळ दिसू लागतं. वर मुलामा दिला तर ते पितळ झाकतो, पण मूळ थर परत येत नाही. पोचा उठवायला टोपणाच्या आतलं आवरण काढून आतून ठोकावं लागतं, आणि ते आवरण जुनं असल्याने चिरायची शक्यता असते. अंगावरचे चरे काढायचे म्हणजे बारीक कागदाने अंग घासायचं. चऱ्यांबरोबर कोरलेलं नावही उथळ होणार. मी त्यांना भिंग दिलं आणि नावाचं शेवटचं अक्षर पाहायला सांगितलं. कोरणाऱ्याचा हात तिथे हलका पडला होता, अक्षर जेमतेम कोरलेलं होतं. दिरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “नाव राहू दे.” अंग न घासण्याचा निर्णय तिथेच झाला. नुसतं समजावून हा निर्णय झाला नसता. भिंगातून स्वतः पाहिल्यावर झाला.

तिसरा पर्याय, निब बदलणं. मोडक्या ‘५१’ मधून सोन्याची निब मिळू शकते. काम लवकर होईल, पेन लिहील. चौथा, जुन्याच निबेला घासून गोल करणं. पाचवा, निब आहे तशी ठेवून लिहिणाऱ्यानेच तिला जुळवून घेणं. या तिघांतला निर्णय आम्ही मागे ठेवला आणि साफसफाई, नळी ही दोन बिनवादाची कामं आधी उरकली.

केलेलं काम

हूड लाखेने बसवलेला असतो. ही लाख, चपडा म्हणतात ती, साधारण ७५ अंश सेल्सियसला मऊ पडते. अ‍ॅक्रिलिक शंभराच्या पुढे गेल्याशिवाय वाकत नाही. या दोन आकड्यांमधली जागा म्हणजे काम करायची मोकळीक. केस वाळवायच्या यंत्राने, पेन सतत फिरवत, हूड बोटाला जेमतेम सोसवेल इतका तापवला आणि रबराच्या तुकड्यात धरून फिरवला. हलला नाही की जोर न लावता पुन्हा तापवायचा. पकडीच्या खुणा समोर दिसत असल्याने घाई करायचा मोह झाला नाही. चौथ्या-पाचव्या फेरीला लाख सुटली.

आत निबेच्या मागे कलेक्टर असतो, बारीक चकत्यांचा, जादा शाई धरून ठेवणारा. त्या चकत्यांमध्ये काळा थर बसला होता. स्पिरिट वापरलं नाही. स्पिरिटने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात, म्हणून ते या पेनाजवळ आणायचंच नाही. त्याऐवजी दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब, अशा द्रावणात कलेक्टर, जीभ (निबेला शाई पुरवणारा भाग) आणि निब काही वेळ ठेवून स्वच्छ पाण्यात खळबळली. पुन्हा ठेवली, पुन्हा खळबळली. अमोनिया पितळेला सोसत नाही, म्हणून हुडाजवळची धातूची कडी त्यात घातली नाही. शेवटी चकत्यांतून प्रकाश दिसू लागला.

नळीसाठी मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याकडून मोडक्या ‘५१’ मधली प्लास्टिकची नळी मागवली. चांदीचीच हवी का, हा विचार मनात आला होता. पण ही नळी बाहेरून दिसत नाही, आणि चांदी पुन्हा खाल्ली जाणार. पार्करनेही पुढे प्लास्टिकच वापरलं. बाईंना विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. चांदीचे तुकडे एका पाकिटात घालून, वर काय आहे ते लिहून त्यांना परत दिले. काढलेला मूळ भाग मालकाला परत द्यायचा हा नियम मी कधी मोडत नाही. पुढे कुणाला हे पेन मूळ स्वरूपात आणायचं झालं तर त्याला त्याचा उपयोग होईल.

हूड पुन्हा बसवताना लाखच वापरली. चिकटवायला हल्ली जे झटपट गोंद मिळतात ते या सांध्यात घालणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करणं.

निबेचा निर्णय

पेन आता भरत होतं आणि शाई सलग येत होती. बाईंनी लिहून पाहिलं: काही अक्षरं गुळगुळीत, काहींना खरखर. त्या पेन बॉलपेनासारखं उभं धरतात, त्यामुळे सपाटीची कड कागदाला लागते.

घासणं सोपं होतं. बारीक कागदावर थोडे फेरे, आणि त्यांच्या हाताला निब बसली असती. मी त्यांना सासऱ्यांच्या हस्ताक्षरातल्या वह्या आणायला सांगितलं. त्यांनी तीन नकला आणल्या. सगळ्यांत जुनी गोवा मुक्तीनंतरच्या एक-दोन वर्षांतली, शेवटची सत्तरच्या दशकाच्या अखेरची.

देवनागरीत तिरक्या रेघा दोन दिशांना जातात. ‘र’ चा पाय उजवीकडे उतरतो, ‘प्र’ मधला रकार पोटातून डावीकडे खाली येतो. गोल निबेने या दोन्ही रेघा सारख्याच जाडीच्या येतात. तिरकी सपाटी असलेल्या निबेने एक जाड आणि दुसरी बारीक येते. शेवटच्या नकलेत प्रत्येक ‘र’ चा पाय ठसठशीत होता आणि ‘प्र’, ‘क्र’ मधली रेघ केसासारखी. मी याच पेनाने, सपाटी कागदावर नीट टेकेल अशा कोनात, तेच शब्द लिहिले. जाड-बारीक अगदी तसंच आलं. मग सर्वांत जुनी नक्कल उघडली. तिच्यात दोन्ही रेघांची जाडी जवळजवळ सारखी होती. मधल्या वहीत फरक दिसायला लागला होता.

म्हणजे पेन दुसऱ्याच्या हातून आलं असलं तरी ही झीज त्याची नव्हती. नकला लिहिता लिहिता ती या घरात झाली होती, आणि वह्यांमधून तिची वाढ पानापानाला दिसत होती. बाई वह्या उलटत होत्या. त्यांचे यजमान सोबत आले होते, ते वडिलांबद्दल म्हणाले, “दादा खाली बसून लिहायचे, बैठ्या मेजावर, वही डावीकडे कललेली.” निब इतक्या तिरक्या कोनात का झिजली याचा उलगडा तिथे झाला. खाली बसून लिहिताना पेन आडवं होतं आणि वही कलली की निबेची दिशा बदलते.

आता घासण्याचा पर्याय मला नकोसा झाला होता आणि मी तसं सांगितलं. निर्णय मात्र बाईंचा होता. लिहायचं त्यांना होतं, आणि रोज खरखर सोसत लिहा असं सांगण्याचा मला अधिकार नाही. त्यांनी वही टेबलावरून खाली घेतली, चौरंगावर कलती ठेवली आणि पेन आडवं धरून लिहिलं. खरखर जवळजवळ गेली. जी उरली ती सपाटीच्या आतल्या कडेची. तेवढी कड अगदी बारीक, बारा हजार नंबरच्या कागदावर मोजके फेरे देऊन मोडली. सपाटीला हात लावला नाही.

एक अडचण उरली. ‘५१’ मध्ये निब हुडाखाली लपलेली असते, त्यामुळे उघड्या निबेच्या पेनासारखी ती कुठल्या कोनात आहे हे लिहिताना दिसत नाही. यावर उपाय टोपणाचा निघाला. लिहिताना टोपण मागे लावायचं आणि त्याची क्लिप अशी फिरवून ठेवायची की पेन योग्य कोनात धरल्यावर ती अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यावर यावी. टोपण मागे नुसतं दाबून बसतं, म्हणून कुठल्याही दिशेला ठेवता येतं. क्लिप जागेवर दिसली की निब जागेवर.

निकाल

बाईंनी नायक आणि नायिका या दोन नकला या पेनाने लिहिल्या, बाकीच्या मुलांनी बॉलपेनाने. एका बैठकीत त्यांना दोन-तीन पानंच जमतात, त्यानंतर खाली बसून मान दुखते. त्या मुद्दाम सावकाश लिहितात.

शाईबद्दल एकदा वाद झाला. नकला नटांच्या घामाच्या हातात फिरतात, म्हणून त्यांना पाण्याने न पुसणारी काळी शाई हवी होती. मी स्पष्ट नाही म्हटलं. कलेक्टरमधला काळा थर त्यांनी पाहिला होता. शेवटी साधी निळी-काळी शाई वापरायची आणि लिहून झालं की नकलेची झेरॉक्स काढून नटाला ती द्यायची असं ठरलं. मूळ वह्या घरी राहिल्या. पावसाळ्यात लिहिलेल्या पहिल्या पानांवर शाई फुटली होती, कारण गोव्यात पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा ओढून बसतो. नवरात्रानंतर तोच कागद, तीच शाई, आणि अक्षर स्वच्छ आलं.

दिरांना टोपणाचा पोचा अजून खटकतो. अंग मात्र नुसत्या ओल्या कापडाने पुसल्यावर बरंच उजळलं आणि त्यावर ते समाधानी आहेत. पकडीच्या खुणा तशाच आहेत. त्या काढायला हूड घासावा लागला असता.

वेगळं काय करता येईल

पुढच्या वेळी मी वह्या पहिल्याच भेटीत मागवीन. पेन घेऊन येणाऱ्याला मी आता सांगतो: पेनाबरोबर त्या माणसाच्या हातचं काही लिहिलेलं घेऊन या, पत्र, हिशेबाची वही, काहीही. शक्यतो वेगवेगळ्या वर्षांतलं. निबेवर काय करायचं ते त्यावरून ठरतं, आणि हूड उघडण्याआधी ठरलेलं बरं.

पेनात आजवर कुठल्या शाया गेल्या हेही सुरुवातीलाच विचारायला हवं, आणि ते फक्त मालकाला विचारून भागत नाही. घरातल्या मुलांनी काय भरलं ते त्या मुलांनाच ठाऊक असतं, आता ती मुलं पन्नाशीची असली तरी.

दोन वारस असतील तर दोघांनाही एकत्र बसवून भिंगातून पेन दाखवावं, दुरुस्तीचं बोलणं त्यानंतर. इथे ते उशिरा झालं. दिरांना टोपणाचा अंदाज मी आधी फोनवर दिला होता. समोर दाखवून दिला असता तर मुलाम्याची चर्चा लांबली नसती.

टोपणाच्या पोचाबाबत मी अजून ठाम नाही. आतलं आवरण सुरक्षित काढता येईल असा अनुभवी हात मिळाला तर तेवढं एक काम करून घ्यायला हरकत नाही असं दिरांना सांगितलं आहे. तोवर पेन ट्रंकेत परत जाणार नाही. ते बाईंच्या टेबलावर, सुती पिशवीत, वापरात राहील. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवायचं त्यांना शिकवलं आहे. पुढचा पावसाळा संपल्यावर लाखेचा सांधा पुन्हा तपासायला ते माझ्याकडे येईल.